बीपीची, साखरेची आणि जंतूंची गोळी: सगळ्यांच्या मुळाशी सल्फानिलामाइड

धागाकर्ता: बुन्सेन_दिवा

घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांचा औषधांचा डबा उघडून बघा. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असण्याची शक्यता बरीच. साखरेसाठी ग्लिमेपिराइड. पायावर सूज येते म्हणून फ्युरोसेमाइड. काचबिंदू असेल तर डॉर्झोलामाइडचे थेंब. आणि कपाटात कुठेतरी भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम. आजार वेगळे, डॉक्टर वेगळे, पण या पाचही औषधांचं कूळ शोधत मागे गेलं की आपण एकाच पदार्थापाशी पोचतो: सल्फानिलामाइड.

रेणू अगदी साधा. बेंझीनचं षटकोनी कडं, एका टोकाला अमिनो गट, बरोबर समोरच्या टोकाला सल्फोनामाइड गट. रेणुभार १७२. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला कित्येकांनी तो बनवलाही असेल. ही दोन टोकं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

१९०८ साली व्हिएन्नात पॉल गेल्मो नावाच्या विद्यार्थ्याने डॉक्टरेटच्या कामात हा पदार्थ तयार केला. औषधाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तो जमाना कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या रंगांचा. सल्फोनामाइड गट असला की रंग लोकरीवर पक्का बसतो हे रंगवाल्यांना कळलं होतं, आणि बायर कंपनीने १९०९मध्ये अशा रंगांचं पेटंटही घेतलं. त्यानंतर पाव शतक सल्फानिलामाइड हा रंगधंद्यातला एक कच्चा माल होता. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं, जखमा चिघळून सैनिक मेले, बाळंतज्वराने बायका गेल्या, आणि औषध रंगवाल्यांच्या बरण्यांत पडून होतं. मला हे अजून पचत नाही.

१९३२च्या डिसेंबरात जर्मनीत एल्बरफेल्डला, बायरच्या प्रयोगशाळेत, गेरहार्ड डोमाक याने एक लाल रंग उंदरांना दिला. रंग बनवणारे रसायनतज्ज्ञ होते जोसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मीच. उंदरांना आधी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची जीवघेणी मात्रा टोचलेली. ज्यांना रंग मिळाला ते जगले, बाकीचे मेले. या रंगाचं नाव पुढे प्राँटोसिल पडलं. गंमत म्हणजे काचनळीत हाच रंग जंतूंना काहीही करत नव्हता. निव्वळ काचनळीत तपासून औषधं निवडली असती तर हे पहिल्या दिवशीच मोरीत गेलं असतं. शोधनिबंध यायला १९३५चा फेब्रुवारी उजाडला. त्याच वर्षाच्या शेवटी डोमाकच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातात सुई घुसून जंतुसंसर्ग झाला, हात कापायची वेळ आली, तेव्हा बापाने तिला हेच औषध दिलं. हात वाचला.

काचनळीतलं कोडं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सुटलं. अर्नेस्ट फूर्नो यांच्या विभागात जाक आणि तेरेझ ट्रेफुएल हे पतिपत्नी, फेदेरिको निटी आणि डॅनिएल बोव्हे हे प्राँटोसिलसारखे नवनवे रंग तपासत होते. नोव्हेंबर १९३५च्या एका प्रयोगात उंदरांचा एक गट उरला, म्हणून त्यांना या सगळ्या रंगांत सामाईक असलेला बिनरंगी तुकडा दिला. तेही उंदीर वाचले. शरीरात प्राँटोसिल तुटून सल्फानिलामाइड मोकळं होतं आणि काम तेच करतं. लाल रंगाचा उपयोग फक्त रुग्णाची कातडी लालसर करण्यापुरता! आणि सल्फानिलामाइडवरचं पेटंट केव्हाच संपलेलं. मग काय, ज्याला जमेल तो बनवायला लागला.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला खरं बोलायचंय ते पुढच्याबद्दल. हे औषध घेणाऱ्या रुग्णांना काही विचित्र त्रास व्हायचे, आणि त्या त्रासांकडे ज्यांनी नीट बघितलं त्यांना पुढची औषधं सापडली.

पहिला त्रास श्वासाचा. सल्फानिलामाइड घेणारे काही जण जोरजोरात श्वास घ्यायचे. रक्त आम्लाकडे झुकलेलं, लघवी मात्र अल्कधर्मी आणि प्रमाणाबाहेर. १९४०मध्ये केंब्रिजला मान आणि केलिन यांनी दाखवलं की हा रेणू कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतो. मूत्रपिंडात हे विकर बायकार्बोनेट परत रक्तात ओढायला मदत करतं. ते बंद पडलं की बायकार्बोनेट बाहेर, त्यामागोमाग सोडियम, आणि सोडियमच्या मागे पाणी. १९४९ साली बॉस्टनमध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी उलटा विचार केला: हृदय थकून अंगात पाणी साठलेल्या रुग्णांना मुद्दामच सल्फानिलामाइड दिलं तर? पाणी उतरलं. त्यासाठी लागणारी मात्रा दीर्घकाळ देण्यासारखी नव्हती, पण दिशा कळली. अमेरिकन सायनामिडच्या लोकांनी त्याच कामासाठी कितीतरी पट जोरकस असं अॅसिटाझोलामाइड काढलं, म्हणजे डायमॉक्स. मर्क शार्प अँड डोममध्ये कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, फ्रेडरिक नोव्हेलो आणि जॉन बेअर यांना बायकार्बोनेटऐवजी क्लोराइड बाहेर काढणारं काहीतरी हवं होतं, कारण मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, तेच तर घालवायचंय. त्यातून क्लोरोथायझाइड निघालं आणि १९५८ला बाजारात आलं. आज बीपीच्या उपचारात थायझाइड गोळ्या पहिल्या फळीत आहेत त्या तिथून. फ्युरोसेमाइड हे हेक्स्टचं, साठच्या दशकातलं.

दुसरा त्रास साखरेचा. १९४२, फ्रान्सचं माँपेलिए शहर, युद्धाचे दिवस, अन्नाची टंचाई. मार्सेल जाँबाँ विषमज्वराच्या रुग्णांवर एक नवं सल्फा औषध (म्हणजे सल्फानिलामाइडच्या घराण्यातलं) वापरून बघत होते. काही रुग्णांना घाम, झटके, बेशुद्धी, आणि काही दगावलेसुद्धा. रक्तातली साखर खाली गेलेली. त्यांनी ऑगुस्त लूबातिए या शरीरशास्त्रज्ञाला सांगितलं. लूबातिएंनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि लक्षात आलं की स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यात हे औषध काहीच करत नाही. म्हणजे औषध इन्सुलिनसारखं वागत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पन्नाशीच्या मध्यात बर्लिनमध्ये कार्ब्युटामाइड या दुसऱ्या सल्फा औषधाने पुन्हा तेच झालं आणि मग गोळीने मधुमेह आवरायचा मार्ग उघडला. टॉल्ब्युटामाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड ही सगळी सल्फोनिलयुरिया मंडळी त्याच घरातली.

आता ती दोन टोकं. अमिनो टोक मोकळं ठेवून सल्फोनामाइडच्या टोकाला कडी जोडत गेलात तर जंतुविरोधी औषधं मिळतात: सल्फापिरिडिन, सल्फाथायझोल, सल्फाडायझिन, सल्फामेथॉक्साझोल. सल्फोनामाइडचं टोक मोकळं ठेवून बाकी काहीही बदललंत तर कार्बोनिक अनहायड्रेज अडतं आणि लघवीची, काचबिंदूची औषधं मिळतात. सल्फोनामाइडला युरियाचा तुकडा चिकटवला तर स्वादुपिंड. टॉल्ब्युटामाइडमध्ये अमिनो गट काढून तिथे मिथिल बसवला, त्याबरोबर जंतू मारायची ताकद गेली आणि साखर उतरवायची राहिली. रोज घ्यायच्या गोळीत अँटिबायोटिक कशाला हवं?

जाणकारांनी भर घालावी.

---

कडुलिंबाचा_पाला

आईच्या डब्यात पाचातली तीन सापडली. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग एकच का देत नाहीत?"

---

माळावरचा_वारा

लेख आवडला. पण एक शंका राहिली. जंतूंना नेमकं होतं काय? आणि आपल्याला का होत नाही?

---

बुन्सेन_दिवा

@माळावरचा_वारा, हे मुद्दाम लेखात घेतलं नव्हतं, लांबलं असतं. थोडक्यात: जंतूंना फॉलिक आम्ल स्वतः बनवावं लागतं. त्यासाठी त्यांना पॅरा-अमिनो बेंझोइक आम्ल लागतं, लाडाने पॅबा. सल्फानिलामाइड आणि पॅबा शेजारी काढून बघा, बांधा जवळजवळ तोच. विकर फसतं, पॅबाच्या जागी सल्फा घेऊन बसतं आणि फॉलेटचं, म्हणजे फॉलिक आम्लाचं, काम थांबतं. १९४०मध्ये डोनाल्ड वुड्स आणि पॉल फिल्डिस यांनी हे उलगडलं. यीस्टच्या अर्कात असं काहीतरी होतं जे सल्फाचा परिणाम पुसून टाकायचं, ते काय म्हणून शोधायला गेले आणि पॅबा निघालं. आपण फॉलेट पालेभाज्यांतून, डाळींतून आयतं खातो. आपल्याकडे ते विकरच नाही, मग अडणार काय?

---

शनिवारवाड्याची_भिंत

म्हणजे पॅबाचा तोतया! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तेव्हा भल्याभल्या सरदारांनी मुजरे केले होते, इथे बिचाऱ्या जंतूचं काय घेऊन बसलात.

---

माळावरचा_वारा

😄 कळलं. आता जन्मात विसरणार नाही.

---

वुपरकाठी

मी एल्बरफेल्डपासून फार लांब राहत नाही. हे गाव आता वुपरटाल शहराचा भाग आहे. एक आक्षेप नोंदवतो. डोमाकच्या वाट्याला तुम्ही एक परिच्छेद दिलात आणि पॅरिसवाल्यांना हिरो केलंत. जंतूंनी आजारी केलेल्या प्राण्यात रंगांची चाचणी घ्यायची ही सगळी पद्धतशीर चाळणी एल्बरफेल्डची. हजारो रसायनं, एकेक उंदरात. पॅरिसचा प्रयोग प्राँटोसिल आल्यावर झालाय, आधी नाही.

शिवाय नोबेलचं लिहायला हवं होतं. १९३९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डोमाकला जाहीर झालं. कार्ल फॉन ओसिएत्स्की या नाझीविरोधी पत्रकाराला शांततेचं नोबेल मिळाल्यापासून हिटलरने जर्मनांना नोबेल घ्यायची बंदी केली होती. डोमाकला गेस्टापोने काही दिवस डांबलं आणि नकाराच्या पत्रावर सही घेतली. १९४७ला स्टॉकहोमला जाऊन पदक आणि मानपत्र घेतलं, पण मुदत उलटल्यामुळे रक्कम मिळाली नाही.

---

बुन्सेन_दिवा

@वुपरकाठी, डोमाकला कमी लेखलेलं नाही. चाळणीचं म्हणाल तर मान्यच आहे, पण "प्राँटोसिल काचनळीत का चालत नाही" हा प्रश्न एल्बरफेल्डच्याही समोर तीन वर्षं होताच. तो पॅरिसमध्ये सुटला. आणि त्यामुळे औषध स्वस्त झालं हेही खरं. माझं माप तेवढंच.

---

तिरकी_नजर

तीन वर्षं गप्प का बसले, हा प्रश्न कुणी विचारणार नाही का? साधा रेणू पेटंटबाहेरचा, लाल रंगाला पेटंट मिळू शकतं. बायरला आधीच माहीत असणार की काम कोण करतंय. धंदा हो, दुसरं काय.

---

वुपरकाठी

ही शंका तेव्हापासून आहे आणि इतिहासकारांनी खूप उकरलंय. आधीच माहीत होतं असा ठोस कागद पुढे आलेला नाही. क्लारर आणि मीच दोघेही रंगशास्त्रातले. रंग जंतूला चिकटतो आणि मारतो ही पॉल एर्लिखपासूनची समजूत डोक्यात पक्की असताना बिनरंगी तुकडा तपासायचं न सुचणं मला जास्त पटतं.

---

तिरकी_नजर

तुम्हाला पटतं, मला नाही. असो.

---

औषधी_दुकान_गल्ली

केमिस्ट असल्यामुळे माझ्या धंद्यातली भर. पेटंट नसण्याची दुसरी बाजू कुणी मांडली नाही.

१९३७ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टलच्या मॅसेंगिल कंपनीला सल्फानिलामाइड पातळ स्वरूपात हवं होतं, मुलांना गोळ्या जात नाहीत म्हणून. पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोलमध्येही जेमतेम. त्यांच्या रसायनतज्ज्ञाने डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, नाव दिलं "एलिक्सिर सल्फानिलामाइड". रास्पबेरीचा स्वाद, सुंदर रंग, चव गोड. चव पाहिली, वास पाहिला, दिसायला कसं आहे ते पाहिलं. प्राण्यावर एकदाही तपासलं नाही. कायद्याने ते बंधनकारक नव्हतं! शंभराहून जास्त माणसं मूत्रपिंड बंद पडून मेली, त्यात पुष्कळ मुलं. सरकारी निरीक्षक गावोगाव फिरून बाटल्या गोळा करत होते. कंपनीवर गुन्हा काय लागला? "एलिक्सिर" म्हणायचं तर त्यात अल्कोहोल पाहिजे, ते नव्हतं, म्हणून लेबल चुकीचं. दंड झाला २६,१०० डॉलर. विष विकल्याचा गुन्हा लावायला कलमच नव्हतं. तो रसायनतज्ज्ञ पुढे स्वतःच्या हाताने गेला. १९३८ला नवा कायदा आला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवणं सक्तीचं झालं.

सल्फानिलामाइडचा यात दोष शून्य. द्रावकाचा दोष.

---

परळ_नाका

आणि हेच द्रावक पुन्हा कुठे भेटलं? मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत. ग्लिसरॉल (ग्लिसरीन) म्हणून जे दिलं जात होतं त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला, १९८८ला अहवाल आला. खरेदीपासून मंत्रालयापर्यंत कुणालाही त्यांनी सोडलं नाही. टेनेसीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, आणि चाचणीची सोय उपलब्ध असताना. तेव्हा तुमच्या त्या १९३८च्या कायद्याचं कौतुक जरा जपून.

---

औषधी_दुकान_गल्ली

@परळ_नाका, सहमत. कायदा कागदावर असून भागत नाही, बॅच तपासणारा माणूस लागतो. गेल्या काही वर्षांत खोकल्याच्या औषधांत हेच सापडलंय, मुलं गेलीयत. ग्लिसरीन महाग, हे स्वस्त, आणि दोन्ही दिसायला सारखी.

---

एमआयडीसी_तिसरी_पाळी

आमच्याकडे सल्फा बनायचं त्या काळची आठवण. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, कंपनीचं नाव घेत नाही.

पुस्तकात सोपं वाटतं. अॅसिटानिलाइड घ्या, क्लोरोसल्फॉनिक अॅसिड घाला, मग अमोनिया, मग अॅसिटिल गट उडवा, झालं सल्फानिलामाइड. प्रत्यक्षात क्लोरोसल्फॉनिक हा प्रकार ज्याने हाताळलाय त्यालाच ठाऊक. पाण्याचा थेंब लागला की फुत्कारतं आणि हायड्रोक्लोरिकचा पांढरा धूर. आमचे ऑपरेटर पावसाळ्यात ड्रम उघडायला नाखूष असायचे, हवेतली ओलच पुरे. रिअॅक्शन झाल्यावर सगळा माल बर्फावर सोडायचा, हळू, अगदी हळू. घाई केली की तापमान चढतं, सल्फोनिल क्लोराइड पाण्याशी रिअॅक्ट होऊन वाया जातं आणि यिल्ड बोंबलतं. स्क्रबर (धूर धुऊन काढणारं यंत्र) नीट चालला नाही तर खाली वस्तीतले लोक गेटवर. त्यांचं चूक नव्हतं.

शेवटचा माल मात्र देखणा. सेंट्रिफ्यूजमधून निघालेली पांढरीशुभ्र पावडर, ड्रायरमधून काढली की १६५ अंशांच्या आसपास वितळायला हवी. दोन अंश खाली आली की लॅबवाले बॅच परत पाठवायचे.

---

शाई_सांडली

इतकं वाचून एक अगदी स्वार्थी प्रश्न. मला लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं, डॉक्टरांनी कागदावर लाल पेनाने "सल्फा अॅलर्जी" लिहून दिलंय. आता मधुमेह निघालाय आणि ग्लिमेपिराइड लिहून दिलंय. तुमच्या म्हणण्यानुसार हे त्याच घरातलं. घ्यायचं की नाही?

---

ओपीडी_पहिला_मजला

@शाई_सांडली, आधी तुमच्या डॉक्टरांना तो कागद दाखवा. इथे वाचून गोळी सुरूही करू नका, बंदही करू नका. पुढचं सगळं समजून घेण्यासाठी.

लेखात दोन टोकं सांगितलीत ना, त्याचाच इथे उपयोग आहे. जंतुविरोधी सल्फामध्ये कड्यावर थेट जोडलेला अमिनो गट असतो. यकृतात त्यापासून जे पदार्थ बनतात ते शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि प्रतिकारशक्तीला बिथरवतात. दुसऱ्या बाजूला सल्फोनामाइडवर जोडलेलं नायट्रोजनचं कडं, त्याचाही अॅलर्जीत हात असतो. ग्लिमेपिराइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड, सेलेकॉक्सिब यांत तो अमिनो गट नाही. म्हणून "सल्फा अॅलर्जी आहे म्हणजे यातलं एकही चालणार नाही" हे रसायनाच्या दृष्टीने टिकत नाही.

२००३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोठा अभ्यास आला होता. सल्फा अँटिबायोटिकची अॅलर्जी असलेल्यांना बाकीच्या सल्फोनामाइडनेही अॅलर्जी येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं, हे खरं. पण त्याच लोकांना पेनिसिलिनची अॅलर्जी येण्याचं प्रमाण त्याहूनही जास्त निघालं, आणि पेनिसिलिनचा सल्फाशी काडीचा संबंध नाही. म्हणजे या लोकांची प्रकृतीच अॅलर्जीची, औषधांमधलं नातं कारण नाही.

एक अपवाद मात्र गंभीर. तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलून निघणं, असं काही त्या वेळी झालं असेल (स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात त्याला), तर डॉक्टर वेगळा विचार करतील. साधं पुरळ की असलं काही, हे आईवडिलांना विचारून डॉक्टरांना नक्की सांगा.

---

शाई_सांडली

मनापासून धन्यवाद. आई म्हणते फक्त पुरळ आणि खाज, दोन दिवसांत गेलं. उद्या फोन करते त्यांना.

---

चहा_कमी_साखर

आमचे एक काका सल्फाची अॅलर्जी म्हणून कांदा-लसूण खात नाहीत, कारण त्यात गंधक असतं! त्यांना हा धागा दाखवू का?

---

ओपीडी_पहिला_मजला

जरूर दाखवा. गंधक हे मूलद्रव्य आपल्या केसानखांतही आहे, त्याची अॅलर्जी असती तर काका इथवर पोचले नसते. सल्फेट, सल्फाइट, सल्फा ही तिन्ही वेगळी प्रकरणं आहेत. पण कांदा सोडल्यामुळे काकू खूश असतील तर राहू दे.

---

खारदुंग_ला_रिटर्न

लेहला जाताना डायमॉक्स घेतली होती, डॉक्टरांना विचारून. बोटांना मुंग्या आल्या, रात्रभर लघवीला उठलो, आणि वर पोचून बाटली उघडली तर सोडा बेचव! बाटली खराब म्हणून दुकानदाराशी भांडलो. नंतर कळलं हा औषधाचाच गुण. याचं रसायन कुणी सांगेल का?

---

बुन्सेन_दिवा

तेच विकर, कार्बोनिक अनहायड्रेज. जिभेवरही असतं. सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून ते आम्ल तयार करतं आणि ती झणझण आपल्याला जाणवते. विकर बंद, झणझण बंद.

उंचीवर उपयोग का होतो तर लेखातल्या त्याच "त्रासा"मुळे. विरळ हवेत आपण जोरात श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू म्हणतो, बास, श्वास कमी कर. रात्री झोपेत तर जास्तच. डायमॉक्सने बायकार्बोनेट बाहेर गेलं की रक्त परत आम्लाकडे येतं आणि श्वासावरचा तो लगाम सुटतो. १९३७-३८च्या रुग्णांना जे नको होतं तेच तुम्ही पैसे देऊन घेतलंत.

---

गोठ्याशेजारी

माणसांचंच चाललंय. आमच्याकडे गाईम्हशींना सल्फाच्या गोळ्या असतात, सल्फाडिमिडिन, एकेक गोळी अंगठ्याएवढी. बोलस म्हणतात. जनावराचं तोंड उघडून घशात सारायची. हगवणीला, निमोनियाला गावचे पशुवैद्य अजून देतात. पोल्ट्रीवाले मित्र रक्ती हगवणीला पाण्यातून सल्फा देतात. दूध आणि अंडी किती दिवस विकायची नाहीत ते डब्यावर लिहिलेलं असतं, पाळतात किती जण ते विचारू नका.

---

जुना_परळकर

हाफकिनचं नाव कुणीच घेतलं नाही याचं नवल वाटलं. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी संचालक होते, १९३२पासून, त्या खुर्चीतले पहिले भारतीय. त्यांच्या काळात तिथे सल्फा औषधांचं रसायन आणि प्लेगवरचे प्रयोग दोन्ही हातात हात घालून झाले. के. गणपती रसायनाची बाजू सांभाळत. १९४१च्या सुमारास सोखी, वागळे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सल्फाथायझोल आणि सल्फापिरिडिन प्लेगविरुद्ध काम करतात. स्ट्रेप्टोमायसिन यायच्या आधी प्लेगच्या रुग्णाला द्यायला हातात खात्रीचं असं काय होतं? १८९६पासून मुंबई-पुण्याने प्लेगचं जे सोसलं ते आठवलं की या दोन औषधांची किंमत कळते. सोखींचा आग्रह होता की ही औषधं इथेच, सरकारी खर्चात, स्वस्तात बनली पाहिजेत. पुढे बल्क औषधांच्या सरकारी कारखान्यांची जी चर्चा झाली तिच्या मुळाशी हीच माणसं होती.

---

वरोरा_फाटा

डॅप्सोन या कुटुंबात धरायचं का? कुष्ठरोगाचं. आमच्या भागात हे नाव शेंबड्या पोरालाही माहीत.

---

बुन्सेन_दिवा

@वरोरा_फाटा, चुलत घराणं म्हणा. दोन अॅनिलिनची कडी आणि मध्ये गंधक-ऑक्सिजनचा पूल, त्यामुळे सल्फोनामाइड नव्हे, सल्फोन. पण काम तेच, फॉलेट अडवायचं. आणि योगायोग असा की हेही पहिल्यांदा १९०८मध्येच जर्मनीत तयार झालं आणि तसंच पडून राहिलं. १९४१ला अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठालयात गाय फॅगेट यांनी त्याचं एक रूप, प्रोमिन, शिरेतून द्यायला सुरुवात केली. नंतर साधं डॅप्सोनच गोळीतून चालतं हे कळलं आणि भाव पैशांवर आला.

तुमच्या भागाचं म्हणाल तर काळ जुळतो. दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६चं, अमरावतीचं तपोवन १९४६चं, बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ची. दत्तपूरला मनोहरजी दिवाण कामाला लागले तेव्हा चालमोगरा तेलाच्या इंजेक्शनांपलीकडे फारसं काही नव्हतं. आनंदवन उभं राहिलं तेव्हा सल्फोन हाताशी येत होतं. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, म्हणून १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन जोडून बहुविध उपचार आणला. डॅप्सोन त्यातही आहेच.

---

ओपीडी_पहिला_मजला

डॅप्सोनची एक सूचना जोडतो. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. आपल्याकडे काही समाजगटांत ही कमतरता बऱ्यापैकी दिसते. सुरू करण्याआधी रक्त तपासून घेणं बरं.

---

पेन्शनर_नाना

वय ८१. आमच्या लहानपणी डॉक्टर सल्फाच्या गोळ्या देताना सोबत खाण्याच्या सोड्याच्या पुड्या द्यायचे आणि तांब्याभर पाणी प्या म्हणून बजावायचे. आम्ही समजायचो गोळी पोटाला जड म्हणून सोडा. कुणी खुलासा करेल का?

---

औषधी_दुकान_गल्ली

नाना, पोटासाठी नव्हे, मूत्रपिंडासाठी. जुनी सल्फा औषधं आम्ल लघवीत विरघळत नसत, बारीक खडे होऊन नळ्यांत अडकायची. सोड्याने लघवी अल्कधर्मी होते, औषध विरघळलेलं राहतं. तुमचे डॉक्टर नेमके होते.

---

तिरकी_नजर

आता शेवटचं विचारतो. इतकं पुराण झालं, पण जंतूंवर सल्फा आज चालतं तरी का? की सगळे जंतू शहाणे झाले?

---

ओपीडी_पहिला_मजला

बरेच झाले. परम्याचा जंतू तर चाळीसच्या दशकातच हाताबाहेर गेला होता. जंतूंनी सरळ वेगळ्या घडणीचं विकर मिळवलं, जे सल्फाला फसत नाही, आणि त्याची जनुकं एकमेकांना वाटली. म्हणून १९६८पासून सल्फामेथॉक्साझोल एकटं न देता ट्रायमेथोप्रिमबरोबर देतात, म्हणजे फॉलेटच्या वाटेवर दोन ठिकाणी अडवणूक. सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम नावाने तुम्ही ती गोळी घेतलीही असेल. एचआयव्हीच्या रुग्णांना न्युमोसिस्टिसचा निमोनिया होतो त्यावर आजही पहिली पसंती तीच, उपचाराला आणि प्रतिबंधालाही. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीवर सल्फाडायझिन आहे. भाजलेल्या वॉर्डात चांदीचं मलम आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गात मात्र कल्चरचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मी लिहीत नाही.

---

कडुलिंबाचा_पाला

आईचा निरोप: लघवीची गोळी सकाळी घ्या म्हणतात ती रात्री उठायला लागू नये म्हणूनच ना? ती गेली दोन वर्षं रात्री घेतेय.

---

औषधी_दुकान_गल्ली

होय. आणि फ्युरोसेमाइड असेल तर तोंडाने घेतल्यावर साधारण सहा तास चालतं, लॅसिक्स हे नावही त्यावरूनच पडलंय म्हणतात. डॉक्टरांनी मुद्दाम रात्रीची सांगितली नसेल तर एकदा विचारून सकाळची करून घ्या.